मेरी हेअरचं विकर

एका वाचकानं विचारलंय, ‘डीएमटी हा नशेचा पदार्थ नुसता गिळला तर काहीच होत नाही, धूर घेतला तर होतं, आणि ॲमेझॉनच्या जंगलातले लोक तर म्हणे तो असलेल्या पाल्याचा काढा पितात. यातलं खरं काय?’ तिन्ही गोष्टी खऱ्या आहेत. तिन्हींचं उत्तर एकाच विकरापाशी, म्हणजे एन्झाइमपाशी, सापडतं. ते विकर जिनं शोधलं तिचं नाव मात्र या विषयावरच्या गप्पांत चुकूनही निघत नाही, म्हणून सुरुवात तिच्यापासूनच करतो.

१९२८ साली केंब्रिजमध्ये मेरी हेअर ही तरुण संशोधक यकृताच्या अर्कात टायरामीन मिसळून ऑक्सिजन किती खर्च होतो ते मोजत होती. अर्कातलं काहीतरी टायरामीनचं विघटन करत होतं. तिनं त्याला ‘टायरामीन ऑक्सिडेझ’ म्हटलं आणि ‘बायोकेमिकल जर्नल’मध्ये निबंध छापला. त्यात तिचा एक अंदाज होता: आतड्यातून रक्तात येणारं जादा टायरामीन निकामी करणं, हेच या विकराचं काम असावं. पुढे ती लग्न करून मेरी बर्नहाइम झाली, अमेरिकेत ड्यूक विद्यापीठात शिकवू लागली. १९३७ मध्ये ब्लाश्को आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की हेच विकर ॲड्रेनॅलिनचाही फडशा पाडतं. मग त्याचं नाव बदललं, ‘मोनोअमाइन ऑक्सिडेझ’ झालं, आणि नव्या नावाबरोबर मेरीचं नाव मागे पडलं.

तिचा अंदाज किती अचूक होता हे कळायला ३५ वर्षं जावी लागली. १९५० च्या दशकात हे विकर अडवणारी औषधं नैराश्यावर दिली जाऊ लागली. काही रुग्णांना अचानक भयंकर डोकेदुखी होई, रक्तदाब गगनाला भिडे, मेंदूत रक्तस्राव होई. कारण कुणालाच उमगेना. लंडनमधल्या मॉड्स्ली रुग्णालयातले तरुण डॉक्टर बॅरी ब्लॅकवेल यांनी ‘लॅन्सेट’मध्ये याबद्दल पत्र लिहिलं. ते वाचून नॉटिंगहॅमच्या एका रुग्णालयातल्या औषधनिर्मात्यानं त्यांना कळवलं की माझी बायको हीच गोळी घेते आणि चीज खाल्लं की तिचं डोकं असंच ठणकतं. याचा काही संबंध असेल का? संबंध होता. मुरलेल्या चीजमध्ये टायरामीन भरपूर असतं. एरवी आतड्यात आणि यकृतातच त्याचा निकाल लागतो. गोळीनं विकर अडवलं की ते सगळंच्या सगळं रक्तात उतरतं. १९२८ च्या निबंधातलं ते वाक्य १९६३ मध्ये एका घरच्या जेवणाच्या टेबलावर खरं ठरलं. औषधशास्त्राच्या इतिहासातला हा माझा सर्वांत आवडता प्रसंग आहे.

आता डीएमटी. हा रेणू कॅनडातले रसायनशास्त्रज्ञ रिचर्ड मान्स्के यांनी १९३१ मध्ये प्रयोगशाळेत बनवला, पण माणसावर त्याचा काय परिणाम होतो हे त्यांनी पाहिलं नाही. १९४६ मध्ये ब्राझीलच्या गोन्साल्वेस द लिमा यांनी जुरेमा या झाडाच्या मुळांतून एक अल्कलॉइड काढलं. ते डीएमटीच आहे हे मागाहून कळलं. परिणाम उलगडला तो बुडापेस्टमध्ये. डॉक्टर आणि रसायनशास्त्रज्ञ असलेल्या स्टीफन सारा यांना एलएसडीवर संशोधन करायचं होतं, पण पोलादी पडद्याआडच्या देशाला ते द्यायला त्याची उत्पादक स्विस कंपनी तयार होईना. तेवढ्यात कोहोबा नावाच्या तपकिरीच्या बियांत डीएमटी सापडल्याचा शोधनिबंध त्यांच्या वाचनात आला. त्यांनी ते स्वतः तयार करून पोटात घेतलं. काहीच झालं नाही. १९५६ मध्ये इंजेक्शन घेतलं, तेव्हा काही मिनिटांतच डोळ्यांपुढे रंगीत आकृत्या सरकू लागल्या आणि तासाभरात सगळं निवळलं. त्याच वर्षी हंगेरीत उठाव झाला आणि सारा यांनी देश सोडला.

पोटातून काहीच का झालं नाही? डीएमटी हाही एक अमाइन आहे. मेरीच्या विकराला तो टायरामीनइतकाच आयता सापडतो. जुन्या काळच्या जकात नाक्यासारखं हे विकर आतड्यात आणि यकृतात बसलेलं असतं, आणि तोंडावाटे येणाऱ्या मालाला ती वाट चुकवता येत नाही. सुईनं किंवा धुरावाटे आलेला माल आधी मेंदूपर्यंत जातो, विकर त्याला नंतर गाठतं. म्हणूनच धुराचा परिणाम मिनिटांत चढतो आणि मिनिटांतच उतरतो. २०१५ मध्ये बार्सिलोनातल्या संशोधकांनी हे स्वयंसेवकांच्या लघवीत तपासलं. नुसतं गिळलेलं डीएमटी या विकरानं मोडून टाकलं होतं, तर धुरावाटे घेतलेल्याचा काही भाग न मोडता किंवा दुसऱ्याच रूपात बाहेर पडत होता.

राहिला काढा. ‘आयावास्का’ या काढ्यात डीएमटी असलेली चाक्रुना झुडपाची पानं असतात, पण काढ्याला नाव आहे ते वेलीचं. ही वेल वनस्पतिशास्त्रात नोंदवली यॉर्कशायरच्या रिचर्ड स्प्रूस यांनी. १८५२ मध्ये वाउपेस नदीकाठच्या एका मेजवानीत त्यांना वेलीचं कडू पेय देण्यात आलं. ते संपतंय तोच दोन फूट लांब आणि मनगटाएवढी जाड चिरूट त्यांच्या हातात ठेवली गेली. जन्मात कधी धूम्रपान न केलेल्या स्प्रूस यांनी यजमानांचा मान राखून चार झुरके घेतले! त्यांनी वेलीचे तुकडे वाळवून इंग्लंडला क्यूच्या बागेकडे पाठवले. शंभराहून अधिक वर्षांनी, १९६९ मध्ये, त्यांचं रासायनिक पृथक्करण झालं, तेव्हाही त्यांत हार्मीन शाबूत होतं.

हार्मीन हे मेरीच्या विकराची अडवणूक करणारं द्रव्य आहे. कोलंबियात एका रसायनशास्त्रज्ञानं वेलीतलं अल्कलॉइड ‘टेलिपथीन’ म्हणून गाजवलं होतं. प्रत्यक्षात ते हरमल या वनस्पतीच्या बियांतून १९ व्या शतकातच वेगळं केलेलं हार्मीन निघालं. मनकवडेपणाशी त्याचा काडीचा संबंध नव्हता. ते हे विकर अडवतं हे १९५८ मध्ये सिद्ध झालं. वेलीनं नाका बंद केला की पानांतलं डीएमटी सुखरूप आत जातं आणि काही तास टिकतं. ही जोडी जंगलातल्या लोकांनी कशी जमवली याबद्दल गूढ कथा पसरवल्या जातात. मला त्यापेक्षा वेलीचा कडूपणा, त्यात इतर पानं घालून पाहण्याची जुनी रीत आणि पिढ्यान्‌पिढ्यांचं निरीक्षण पुरेसं वाटतं. त्यांच्या कष्टांना चमत्कार म्हणणं म्हणजे ते नाकारणं आहे.

हल्ली डीएमटीच्या धूम्रपानाच्या मिश्रणांतही हीच वेल किंवा तिच्यासारखं काही मिसळतात, धुराचा परिणाम लांबावा म्हणून. विकणारे त्याला ‘नैसर्गिक’ म्हणतात. डीएमटी आपल्या अमली पदार्थांविषयीच्या एनडीपीएस कायद्याच्या यादीत आहे, पण वैद्यकीय धोका बहुधा बरोबर मिसळलेल्या त्या वेलीत असतो. नैराश्यावरच्या बऱ्याच गोळ्या मेंदूतलं सेरोटोनिन वाढवतात. त्याच वेळी ते मोडणारं मेरीचं विकर अडवलं, तर ताप, थरथर, झटके येऊन माणूस दगावूही शकतो. म्हणून असा रुग्ण अत्यवस्थ होऊन दवाखान्यात आला, की त्यानं कोणता धूर घेतला याबरोबरच त्यात कोणती पानं होती आणि रोजच्या गोळ्या कोणत्या, हेही डॉक्टरांना लगेच सांगावं लागतं.