दाढ गेली? स्क्रूवर बसते, पण घाई नको

खेड्यात दाढ दुखली की आधी लवंग, मग मिश्री आणि शेवटी उपटून टाकणे. पुढे जन्मभर भाकरी एकाच बाजूने चावायची. आता तालुक्याचे डॉक्टर 'इम्प्लांट' सुचवतात. म्हणजे जबड्याच्या हाडात टायटॅनियमचा स्क्रू. हाड या धातूला घट्ट धरते, हे स्वीडनचे ब्रोनेमार्क यांना सशांवरील प्रयोगांत दिसले. १९६५ साली त्यांनी पहिल्या रुग्णाला असे दात बसवले.

हिरडी बधिर करतात, त्यामुळे दुखत नाही; ड्रिलची थरथर मात्र जाणवते. दोन-तीन दिवस गाल सुजतो. तोवर भाकरी बंद, पेज नि मऊ भात. खरी कसोटी धीराची. हाडाने स्क्रू धरायला साधारण तीन ते सहा महिने लागतात, वरचा दात बहुधा त्यानंतरच. पेरणीला स्क्रू तर खळ्याला दात, असा हिशेब धरा.

विडी-सिगारेट चालू ठेवून इम्प्लांट करणे म्हणजे चिबड रानात बी टाकणे. रक्तातली साखर वाढलेली असेल तर आधी ती आटोक्यात आणा. हाडे ठिसूळ होण्यावरची औषधे चालू असली तर तेही सांगा, लपवू नका. दात पडून बरीच वर्षे झाली असतील तर हाड झिजलेले असते. मग हाड भरण्याचा खर्च वेगळा.

सांगितलेल्या पैशांत वरचा दात धरला आहे का, हे आधीच विचारा. स्क्रूची कंपनी नि माप कागदावर लिहून घ्या. पुढे तो ढिला झाला तर दुसऱ्या डॉक्टरला तोच कागद लागतो.