गुऱ्हाळावर आधी कोणता धोका दूर करायचा? गुण देऊन ठरवा

यवत : रांजणगाव एमआयडीसीत गाड्यांच्या कारखान्यात कामाला जाणाऱ्या पोरांनी 'एफएमईए' हा शब्द ऐकलेला असतो. अर्थ सोपा आहे. काम कुठे बिघडू शकते हे आधीच शोधायचे आणि त्यातले पहिले काय दुरुस्त करायचे ते ठरवायचे. अमेरिकेच्या लष्कराने 1949 मध्ये ही पद्धत लिहून काढली, पुढे वाहन उद्योगाने ती उचलली. यवत-केडगाव पट्ट्यातल्या गुऱ्हाळांनाही ती वापरता येते. त्याला लागते फक्त एक वही.

अशी करा सुरुवात

ऊस उतरवण्यापासून ढेप भरण्यापर्यंतची कामे क्रमाने लिहा. प्रत्येक कामापुढे काय बिघडू शकते ते लिहा. मग तीन प्रश्नांना 1 ते 10 गुण द्या.

1) घडले तर नुकसान किती? जिवावर बेतणार असेल तर 10.
2) किती वेळा घडू शकते? क्वचित असेल तर 1, रोजचेच असेल तर 10.
3) आधी लक्षात येते का? लगेच येत असेल तर 1, अजिबात येत नसेल तर 10.

तिन्ही गुणांचा गुणाकार करा.

उदाहरण (गुण समजण्यापुरते)

• ढेप मऊ पडणे : 4 × 8 × 7 = 224
• चरकात हात जाणे : 10 × 3 × 7 = 210
• वाळत घातलेल्या चिपाडाला आग लागणे : 9 × 4 × 4 = 144

इथे आकडा फसवतो

आकड्याने ढेप पहिली आली. पण मऊ ढेपेला भाव कमी मिळेल, गेलेला हात परत येत नाही. म्हणून पहिल्या प्रश्नाला 9 किंवा 10 गुण असतील ते काम आधी हाती घ्यायचे, गुणाकार कितीही येवो. याच अडचणीमुळे अमेरिका व जर्मनीच्या वाहन उद्योगाने 2019 च्या पुस्तिकेत नुसता गुणाकार सोडून नुकसानीला जास्त वजन दिले.

उपाय कसा असावा?

'जपून काम करा' हा उपाय नव्हे, चार दिवसांत ते विसरले जाते. चरकाच्या तोंडाला हात पोहोचणार नाही एवढे लांब पन्हाळे बसवा. पट्ट्याला जाळी लावा. मोटार बंद करायचे बटण ऊस घालणाऱ्याच्या हाताशी हवे, ते खोलीत पलीकडे असून उपयोग नाही. चिपाडाची गंज चुलवाणापासून लांब रचा. ढेपेसाठी अंदाजावर न राहता तापमापी वापरा, पाक साधारण 118 अंश सेल्सिअसला उतरवतात.

गुण मालकाने एकट्याने देऊ नयेत. ऊस घालणारा, चुलवाणात जाळ घालणारा आणि गुळव्या यांना सोबत बसवा. कामगार बाहेरच्या राज्यातले असतील तर हिंदीत विचारा. हात कुठे अडकता अडकता वाचला, हे त्यांनाच माहीत असते. उपाय केल्यावर पुन्हा गुण द्या. आकडा खाली आला नाही, तर धोका तिथेच आहे.