कपड्यांच्या कपाटाची मांडणी

नव्या घरांत कपड्यांचें कपाट करवितांना आरंभ बहुधा सुताराच्या नमुन्यांपासून होतो. तो व्हावयास हवा कपड्यांपासून. टांगावयाचे किती आणि घडी घालावयाचे किती, एवढें मोजलें म्हणजे निम्मा आराखडा तयार झाला. हँगर सुमारें ४५ सेंटिमीटर रुंद असतो. म्हणून टांगण्याच्या कप्प्यास आंतून ५५ ते ६० सेंटिमीटर खोली लागते. सदऱ्यांना दांड्याखालीं एक मीटर उंची पुरते. जरीच्या साड्या मात्र टांगूं नयेत; स्वतःच्या भारानेंच त्यांचें सूत ताणतें. त्या मलमलीच्या कापडांत गुंडाळून फळीवर आडव्या ठेवाव्या आणि अधूनमधून घडी बदलावी. डांबराच्या गोळ्या जरीला लागूं देऊं नयेत.

खरी परीक्षा भिंतीची. मुंबईकोंकणाच्या पावसाळ्यांत स्नानगृहालगतची भिंत ओल धरते. कपाट तिला चिकटून असलें, तर आईची पैठणी दसऱ्याला बाहेर काढावी तों घडीवर बुरशीचे डाग! दुसरी भिंत नसेल तर कपाट दोन बोटें पुढें घेऊन मागें हवा खेळूं द्यावी. भुशाच्या दाबीव फळ्या ओलीनें फुगतात, तेथें आय. एस. ७१० प्रतीचें प्लायवुड महाग पडलें तरी घ्यावें. फळी ९० सेंटिमीटरहून लांब असल्यास मध्यें आधार हवा, नाहीं तर ती वांकते.

पोकळ विटांच्या भिंतींत साधा स्क्रू धरत नाहीं. तेव्हां सारा भार जमिनीवर उतरवावा, आणि कपाट कलंडूं नये म्हणून वरची कड योग्य खिळणीनें भिंतीशीं जखडावी. बसवितांना पाणसळ अवश्य लावावी. जमीन तिरपी असली म्हणजे दारें आपोआप उघडतात, आणि दोष बिचाऱ्या बिजागरीला मिळतो.