भेडाघाट : डोळ्यांनी पाहायची घळई

भूगोलाच्या पुस्तकात 'घळई' हा शब्द तुम्ही वाचला असेल. नदीची अरुंद, खोल आणि दोन्ही बाजूंना उभ्या भिंती असलेली दरी म्हणजे घळई. व्याख्या पाठ होते, पण चित्र काही डोळ्यांसमोर येत नाही. ते बघायचं तर मध्य प्रदेशात जबलपूरजवळच्या भेडाघाटला जा. तिथं नर्मदा चक्क संगमरवरातून वाट काढते.

तिथं पोहोचलं की बहुतेक लोक आधी नावेकडे धावतात. माझं ऐका, आधी पायी धुवांधार धबधबा बघा. पाण्याचे तुषार धुरासारखे वर उठतात, म्हणून हे नाव. पडणारं पाणी खालचा खडक झिजवतं, मग वरचा खडक तुटून पडतो आणि धबधबा थोडासा मागे, म्हणजे नदीच्या उगमाकडे सरकतो. हजारो वर्षं हेच चाललं की धबधब्याच्या पुढे घळई तयार होते. धबधबा ही करवत समजा आणि घळई म्हणजे करवतीनं मागे सोडलेली चीर. काठावरचे खडक मात्र ओले नि गुळगुळीत असतात. लहान मुलांचा हात सोडू नका, फोटोसाठी कठड्यापलीकडे तर मुळीच जाऊ नका.

आता पंचवटी घाटावर या आणि नावेत बसा. लाइफ जॅकेट घालायचंच, नावाडी म्हणाला नाही तरी! दोन्ही बाजूंना सुमारे शंभर फूट उंच भिंती. पांढऱ्या तर आहेतच, पण मधेच करड्या, गुलाबी छटा आणि काळसर पट्टेही दिसतात. आपल्याकडचा काळा बेसॉल्ट लाव्हा थंड होऊन बनला, म्हणून तो अग्निजन्य. संगमरवराचं तसं नाही. तो मुळात चुनखडक. जमिनीत खोलवर उष्णता आणि दाबानं तो बदलला, म्हणून रूपांतरित खडक. 'बंदर कूदनी' नावाच्या जागी दोन्ही कडे इतके जवळ येतात की पूर्वी माकडं इकडून तिकडे उडी मारत, असं नावाडी सांगतात. त्यांची यमकं जुळवत केलेली हिंदी बडबड ऐकताना हसून पोट दुखतं. धबधब्यापाशी गर्जणारी नर्मदा इथं अगदी गप्प असते, कारण पाणी खोल आहे. शांत दिसतंय म्हणून वाकून हात घालू नका.

पावसाळ्यात नावा बंद असतात, तेव्हा सहल दिवाळीनंतर काढा. वेळ उरला तर पायऱ्या चढून चौसष्ट योगिनी मंदिरही बघा, कलचुरी राजांच्या काळातलं, गोल आवाराचं.

परतताना दुकानांत दगडी मूर्ती दिसतील. सगळ्याच संगमरवराच्या नसतात हं. दुकानदाराला विचारून तळाशी नखानं ओरखडून बघा. चरा उमटला तर ते मऊ शंखजिरे. संगमरवरावर नख चालत नाही.