चार-दोन-चार

इंदूर हे क्रिकेटचे गाव. कर्नल सी. के. नायडू आणि होळकर संघ ह्यांच्या कथा ऐकत वाढलेल्या मुलांना फुटबॉलचा व्यूह समजावून सांगणे काहीसे धाडसाचेच. परंतु मधल्या सुटीत चेंडू पडला की झाडून सारे त्याच्यामागे धावतात आणि प्रत्येकाला गोल आपणच करावयाचा असतो, हे आम्ही वर्गाच्या खिडकीतून नित्य पाहतो. म्हणून हा प्रपंच.

व्यूह म्हणजे कोणी कोठे असावे ह्याचा आधीच ठरलेला करार. गोलरक्षक सोडून उरलेल्या दहा जणांची वाटणी पिछाडीकडून आघाडीकडे आकड्यांनी सांगतात. जुन्या २-३-५ मध्ये आघाडीला पाच जण असत. ४-२-४ मध्ये चारच. मग हा व्यूह आक्रमक कसा? पिछाडीला चौघे असल्यामुळे कडेचा फुलबॅक वेळप्रसंगी निर्धास्तपणे पुढे धावतो, आणि आघाडीच्या चौघांना पुढेच राहण्याची मोकळीक मिळते. दोघे कडेने चेंडू आत टाकतात, दोघे गोलासमोर वाट पाहतात.

ह्या बदलामागे हंगेरीची एक युक्ती होती. २५ नोव्हेंबर १९५३ रोजी वेंब्ली येथे हंगेरीने इंग्लंडला ६-३ असे हरविले. हंगेरीचा सेंटर-फॉरवर्ड हिदेगकुटी आपली जागा सोडून मागे सरकला. त्याच्यावर नेमलेल्या रक्षकाने पाठलाग करावा, तर गोलासमोर खिंडार. न करावा, तर हिदेगकुटी मोकळा! त्याने तीन गोल केले. पुढे १९५८ साली ब्राझीलने ४-२-४ खेळून विश्वचषक जिंकला.

भारतात हा विचार रुजविला तो हैदराबादच्या सय्यद अब्दुल रहीम ह्यांनी. मुळात ते शाळामास्तर होते, हे आम्ही मुद्दाम नमूद करतो. १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये युगोस्लाव्हियाने भारतावर दहा गोल चढविले होते. त्यानंतर चारच वर्षांनी, १ डिसेंबर १९५६ रोजी, मेलबर्नला यजमान ऑस्ट्रेलियाचा ४-२ असा पराभव करून भारत उपांत्य फेरीत गेला. त्यांतले तीन गोल नेव्हिल डिसोझा ह्या गोमंतकीय खेळाडूचे. आम्ही कोकणी बोलणारे, तेव्हा हे नाव जरा मोठ्याने घेतो. वाचकांनी चालवून घ्यावे.

मात्र ४-२-४ चा खरा भार आघाडीवर नसतो. चेंडू हातचा गेला की मैदानाच्या मध्यभागाची एवढी थोरली जागा दोघांनीच राखावयाची, आणि परत मिळताच क्षणात तो पुढे पोचवावयाचा. अशा जागी दमदार छाती आणि शांत डोके, दोन्ही लागतात. १९६२ च्या जाकार्ता आशियाई स्पर्धेच्या अंतिम सामन्यात हे काम फोर्तुनातो फ्रँको (हेही गोमंतकीयच!) आणि प्रशांत सिन्हा ह्यांनी केले. दक्षिण कोरियाने गटात भारताला २-० हरविले होते. अंतिम सामन्यात भारताने त्यांना २-१ ने नमवून सुवर्णपदक मिळविले.

गोल पी. के. बॅनर्जी आणि जर्नेलसिंग ह्यांचे. जर्नेल खरे तर पिछाडीचे. आधीच्या एका सामन्यात डोक्याला टाके पडले, म्हणून रहीमसाहेबांनी त्यांना आघाडीला उभे केले. उपांत्य आणि अंतिम, दोन्ही सामन्यांत त्यांनी गोल केला.  त्या वेळी रहीमसाहेब स्वतः कर्करोगाने ग्रासले होते. ११ जून १९६३ रोजी त्यांचे निधन झाले.