फाटक इथे, अडचण भलतीकडेच



शिकागोच्या उपनगरांत राहणाऱ्यांना रेल्वेचं फाटक नवीन नाही. घंटी वाजते, दांडा खाली येतो आणि कंटेनर लादलेली मालगाडी संपता संपत नाही. पलीकडे शाळा असो की हॉस्पिटल, थांबावंच लागतं. ही गाडी एवढी रेंगाळते का, ते आज पाहू.

अमेरिकेच्या रेल्वे मालवाहतुकीचा सुमारे पाव हिस्सा शिकागो परिसरातून जातो. पूर्वेकडच्या आणि पश्चिमेकडच्या मोठ्या रेल्वे कंपन्या इथेच एकमेकींना माल सोपवतात. त्यांचे जुने रूळ अनेक ठिकाणी एकाच पातळीवर एकमेकांना छेदतात. एक गाडी जाईपर्यंत दुसरीने थांबायचं.

आता साधा हिशोब करा. दोन मैल लांबीची गाडी ताशी 40 मैलांनी गेली, तर तिला फाटक ओलांडायला 3 मिनिटं लागतात. तीच ताशी 10 मैलांवर आली की 12 मिनिटं! पुढे रूळ मोकळा नसला की मागे तुमचं फाटक बंद. आमच्या आयटीत सर्व्हर कितीही वाढवले, तरी खोळंबा डेटाबेसमध्ये असेल तर रांग हलत नाही. तसंच हे. नुसता रस्ता रुंद करून फाटक लवकर उघडत नाही.

म्हणूनच 2003 मध्ये ‘क्रिएट’ हा कार्यक्रम सुरू झाला. केंद्र सरकार, इलिनॉय राज्य, शिकागो शहर, मेट्रा, अ‍ॅमट्रॅक आणि मालवाहू रेल्वे कंपन्या यांनी मिळून 70 कामांची यादी केली. त्यातला एंगलवूडचा रेल्वे उड्डाणपूल 2014 मध्ये पूर्ण झाला. तिथे मेट्राच्या रोजच्या 78 गाड्या वरून जाऊ लागल्या, तर मालगाड्या आणि अ‍ॅमट्रॅक मिळून सुमारे 60 गाड्या खालून. आता कोणी कोणासाठी थांबत नाही. रस्ता रुळांच्या वरून किंवा खालून नेण्याची 25 कामंही याच यादीत आहेत.

या कामांना मोठा पैसा लागतो, आणि त्यात आपला करही असतो. तेव्हा तुमच्या गावात अशा कामाची जनसुनावणी लागली, तर जरूर जा. तिथे तीन प्रश्न विचारा: गाड्या नेमक्या कुठे अडतात? या कामाने फाटक किती मिनिटं कमी बंद राहील? आणि रेल्वे कंपनीचा वाटा किती?

नेमकं विचारणारे चार लोक समोर असले, की उत्तरंही नेमकी द्यावी लागतात.