पित्ताची गोळी: सुरू कधी झाली, थांबणार कधी?

औषधांवरच्या व्याख्यानात "गोळ्या कमी घ्या" असं सांगणं सोपं असतं. पण घरी गेल्यावर नेमकं काय करायचं, ते श्रोत्याला कळत नाही. म्हणून आज आम्ही सगळ्या औषधांविषयी मोघम बोलणार नाही. एकच गोळी घेऊ. सकाळी उठल्यावर, चहाच्या आधी घेतली जाते ती पित्ताची गोळी.

आधी शब्द नीट करून घेऊ. 'पित्त झालं' असं आपण म्हणतो, तेव्हा बहुतेक वेळा बोलायचं असतं ते जठरातल्या आम्लाबद्दल. यकृतात तयार होणारं पित्त वेगळं. जठराच्या आतल्या अस्तरात काही पेशी असतात आणि त्यांच्यात आम्ल बाहेर टाकणारे सूक्ष्म पंप असतात. आपण जेवायला बसलो की हे पंप कामाला लागतात. ओमेप्राझोल, पँटोप्राझोल, राबेप्राझोल, इसोमेप्राझोल ही सगळी एकाच कुटुंबातली औषधं. ती या पंपांना कुलूप लावतात. जेवणाच्या अर्धा-पाऊण तास आधी गोळी घ्यायला सांगतात ती यासाठीच, की पंप सुरू व्हायच्या वेळी औषध तिथं हजर असावं.

या गोळीचे उपकार आधी मान्य करू. एके काळी जठरातल्या अल्सरसाठी पोटाचं ऑपरेशन ही नेहमीची गोष्ट होती. १९७० च्या दशकात सिमेटिडिन आलं, १९८० च्या दशकाच्या शेवटी ओमेप्राझोल आलं आणि चित्र बदललं. त्याच सुमारास ऑस्ट्रेलियातल्या बॅरी मार्शल आणि रॉबिन वॉरेन यांनी दाखवून दिलं, की पुष्कळ अल्सरच्या मुळाशी हेलिकोबॅक्टर पायलोरी नावाचा जीवाणू असतो. त्यासाठी त्यांना २००५ साली नोबेल मिळालं. त्या जीवाणूवर आज अँटिबायोटिक्ससोबत हीच गोळी देतात, साधारण दोन आठवडे. छातीत जळजळ, आंबट पाणी वर येणं, यासाठीही साधारण चार ते आठ आठवड्यांचा कोर्स असतो.

दोन आठवडे, चार आठवडे, आठ आठवडे. मग लोक ही गोळी पाच-पाच, दहा-दहा वर्षं का घेतात?

सुरुवात अगदी साधी असते. गुडघा दुखतो म्हणून वेदनाशामक गोळी दिली जाते, पोटाला त्रास नको म्हणून सोबत पित्ताची गोळी. दुखणं थांबतं, वेदनाशामक बंद होते, पित्ताची चालूच राहते. किंवा हॉस्पिटलात अ‍ॅडमिट असताना सुरू झाली आणि घरी जातानाच्या कागदावर तशीच उतरली. पुढच्या डॉक्टरांना वाटतं, आधीच्यांनी काही विचार करून दिली असेल. पेशंटला वाटतं, डॉक्टरांनी बंद करा असं कुठं सांगितलंय? मग रिकामी स्ट्रिप मेडिकलवाल्याला दाखवायची आणि नवी घ्यायची. यात कुणाचा वाईट हेतू नाही बरं का. गोळी सुरू करणारा माणूस असतो. थांबवणं मात्र कुणाचंच काम नसतं.

आता खरी मेख बघा. समजा तुम्ही ठरवलं, आजपासून बंद. दोन-चार दिवसांत अशी जळजळ होते, की तुम्ही म्हणता, "बघा, गोळीशिवाय माझं चालतच नाही." इथंच माणूस फसतो. आम्ल कमी झालं की शरीर गप्प बसत नाही. ते गॅस्ट्रिन नावाचं संप्रेरक वाढवतं, म्हणजे आम्ल बनवा असा निरोप जोरजोरात पाठवत राहतं. कुलूप असेपर्यंत त्या निरोपाचा उपयोग होत नाही. कुलूप निघालं की मात्र काही आठवडे पूर्वीपेक्षाही जास्त आम्ल तयार होतं.

याची परीक्षा डेन्मार्कमध्ये झाली, २००९ साली ती प्रसिद्ध झाली. पोटाचा कसलाही त्रास नसलेले १२० निरोगी लोक घेतले. निम्म्यांना आठ आठवडे इसोमेप्राझोल आणि मग चार आठवडे औषध नसलेली नुसती दिसायला तशी गोळी दिली. उरलेल्यांना बाराही आठवडे नुसती गोळी. शेवटच्या चार आठवड्यांत पहिल्या गटातल्या ४४ टक्के लोकांना आम्लाचा त्रास झाला, दुसऱ्या गटात १५ टक्के लोकांना. म्हणजे ज्यांना आजारच नव्हता, त्यांच्यातल्या बऱ्याच जणांना गोळी सोडल्यावर आजार झाल्यासारखं वाटलं. तेव्हा गोळी सोडल्यावर जळजळ झाली, एवढ्यावरून 'आजार परत आला' असा निष्कर्ष काढता येत नाही. आज एवढं एक जरी लक्षात ठेवलंत तरी पुष्कळ आहे.

"घेतली तर काय बिघडतं?" असं कुणी विचारेल. थोडे दिवस घेतली तर बहुधा काही नाही. वर्षानुवर्षं घेतली तर काही गोष्टींवर लक्ष ठेवावं लागतं. अन्नातलं बी-१२ जीवनसत्त्व सुटं व्हायला आम्ल लागतं. आपल्याकडे शाकाहारी माणसांत बी-१२ आधीच कमी आढळतं, डायबेटिसचं मेटफॉर्मिनही ते कमी करतं. शाकाहारी, मेटफॉर्मिन आणि वर रोजची पित्ताची गोळी, असं तिहेरी गणित जमलं तर हातापायाला मुंग्या येणं हे नुसतं वय नसू शकतं. अमेरिकेच्या औषध नियामक संस्थेने २०११ साली रक्तातलं मॅग्नेशियम घटण्याबद्दल इशारा दिला, तो मुख्यतः वर्षाहून जास्त काळ गोळी घेणाऱ्यांसाठी होता.

आणखी एक. आपल्याकडे पुष्कळदा पँटोप्राझोलसोबत डोंपेरिडोन एकाच कॅप्सूलमध्ये असतं. डोंपेरिडोनमुळे क्वचित हृदयाच्या ठोक्यांची लय बिघडू शकते. युरोपच्या औषध नियामक संस्थेने २०१४ साली सांगितलं, की ते फक्त मळमळ-उलटीसाठी आणि सहसा एका आठवड्यापेक्षा जास्त वापरू नये. तेव्हा आपल्या स्ट्रिपवर किती औषधांची नावं आहेत, ते आज घरी गेल्यावर वाचा.

एका गोळीमागून दुसरी कशी येते, तेही बघू. ब्लडप्रेशरसाठी अ‍ॅम्लोडिपिन सुरू केलं. त्याने काहींच्या पायावर सूज येते. सूज हा नवा आजार समजून लघवीची गोळी दिली. रात्री उठावं लागतं, झोप मोडते, म्हणून झोपेची गोळी. मग इतक्या गोळ्या पोटाला झेपत नाहीत, म्हणून पित्ताची. औषधाच्या दुष्परिणामाला आजार समजून त्यावर पुन्हा औषध, या साखळीकडे डॉक्टरांचं लक्ष १९९० च्या दशकापासून वेधलं गेलं आहे.

पण आमचं बोलणं ऐकून उद्या सकाळी कुणी डबा रिकामा करू नका. ज्यांना पोटात रक्तस्राव होऊन गेलाय, जे हृदयासाठी अ‍ॅस्पिरिन घेतात आणि ज्यांना रक्तस्रावाचा धोका आहे, ज्यांच्या अन्ननलिकेला गंभीर इजा आहे, त्यांना ही गोळी खरोखर लागते. त्यांनी ती सोडणं धोक्याचं आहे. ब्लडप्रेशर, डायबेटिस, थायरॉइड, फिट्स, रक्त पातळ करणारी औषधं तर मनाने बंद करायचीच नाहीत.

मग करायचं काय? पुढच्या वेळी डॉक्टरांकडे जाताना घरातल्या सगळ्या स्ट्रिप एका पिशवीत घालून न्या. आयुर्वेदिक, दुकानातून आणलेली, सगळीच. आणि तीनच गोष्टी विचारा: ही कशासाठी आहे, किती दिवस घ्यायची, आता कमी करून बघता येईल का? डॉक्टर हो म्हणाले तर डोस निम्मा करणं, एक दिवसाआड घेणं, मग त्रास झाला तरच घेणं, असे मार्ग असतात. मधल्या काळातल्या जळजळीला साधं अँटासिड चालतं. रात्रीचं जेवण झोपण्याआधी दोन-तीन तास उरकणं, पलंगाची डोक्याकडची बाजू उंच करणं, वजन उतरवणं, तंबाखू आणि दारू सोडणं, याचाही उपयोग होतो.

(श्रोत्यांमधून प्रश्न: आमचे डॉक्टर असं विचारलं तर चिडतील, त्याचं काय?)

काही चिडतीलही. ओपीडीत गर्दी असते, एका पेशंटला मिनिटं मोजूनच मिळतात. म्हणून विचारण्याची पद्धत सांभाळा. "ही गोळी उगाच दिलीत" असं म्हणू नका. "डॉक्टर, ही तीन वर्षं घेतोय, अजून लागेल का?" असं विचारा. सांगितलेल्या उत्तराची तारीख घालून कागदावर नोंद करा. बहुतेक डॉक्टरांना असा पेशंट आवडतो.

(प्रश्न: पित्त आहे की दुसरं काही, हे ओळखायचं कसं?)

फार महत्त्वाचा प्रश्न. गिळताना अडकणं, वजन आपोआप घटणं, शौचाला काळं होणं, उलटीत रक्त, यापैकी काही असेल तर गोळीवर दिवस काढू नका, तपासून घ्या. आणि छातीत दाबल्यासारखं वाटतंय, घाम फुटलाय, दम लागतोय, तर तो हार्ट अटॅक असू शकतो. तेव्हा पित्ताची गोळी घेऊन वाट बघत बसायचं नाही, थेट हॉस्पिटल गाठायचं. गोळीवर नको इतका भरवसा ठेवला की माणूस नेमका इथं वेळ घालवतो, आणि तो वेळ परत मिळत नाही.